बकलाव्यातले पाणी

विकतचे फिलो, म्हणजे कणकेचे तयार पातळ पापुद्रे, आणून घरी बकलावा करायला घेतला, तर साहित्याच्या यादीत पाणी एकदाच येते, पाकापुरते. तरीही या पक्वान्नाविषयी जे कडक नियम सांगितले जातात ते नीट पाहिले, तर बहुतेक सगळे पाण्याबद्दलचे आहेत. लोणी आहे तसे वापरू नये, कढवून घ्यावे. सुकामेवा कोरडा असावा. फिलोचे पापुद्रे दमट फडक्याखाली झाकावेत, पण फडके ओले नको. पाक आणि ताट यांपैकी एक गरम, एक गार असावे. पाक ओतल्यावर ताट लगेच झाकू नये. पिस्ते घालावेत की अक्रोड, वेलची चालेल की नाही, मध हवा की साखर, याबद्दल मात्र एका शहराचे दुसऱ्या शहराशी पटत नाही आणि तरी सगळ्यांचाच बकलावा उत्तम होतो. घरी नवा प्रयोग करणाऱ्याला यातून फार उपयोगाची गोष्ट कळते: चवीच्या बाबतीत बकलावा अतिशय मोकळा आहे, पाण्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर. एखादी नवी चव फसते तेव्हा बहुधा चवीचा दोष नसतो. तिने सोबत आणलेल्या पाण्याने घात केलेला असतो.

चवीच्या मोकळेपणाचा पुरावा इतिहासातच आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील मुदपाकखान्याच्या नोंदींत १४७३ साली, दुसऱ्या मेहमेदच्या कारकिर्दीत, बकलाव्याचा उल्लेख येतो. पुढच्या काळात रमजानच्या पंधराव्या दिवशी सुलतानाकडून जानिसारी शिपायांना बकलाव्याची ताटे वाटली जात, दहा शिपायांमागे एक ताट. १८२६ मध्ये जानिसारींचे दलच बरखास्त झाले आणि ताटे वाटण्याची ही प्रथाही संपली. पण राजवाड्यात पदार्थ जन्मला असे मानणे घाईचे ठरेल. खाद्येतिहासाचे अभ्यासक चार्ल्स पेरी यांनी थरांच्या पोळीचे मूळ मध्य आशियातील भटक्या तुर्की टोळ्यांत शोधले आहे. महमूद काशगरीच्या अकराव्या शतकातल्या शब्दकोशात घडीच्या पातळ पोळीची नोंद आहेच. दुसऱ्या बाजूला बगदादच्या मध्ययुगीन पाकग्रंथांत लौझीनज नावाचा पदार्थ आढळतो: अगदी पातळ पापुद्र्यात बदाम आणि गुलाबपाणी, वरून पाक. थर एका परंपरेतले आणि बदाम-पाक दुसऱ्या परंपरेतले, अशी ही भेट झाली असावी असे मला पटते. त्यानंतर जिथे जे पिकते ते आत गेले. गाझियांतेपमध्ये पिस्ते, ग्रीसमध्ये अक्रोड, दालचिनी, लवंग आणि मध, इराणच्या यझदमध्ये बदाम, वेलची आणि गुलाबपाणी, सीरिया-लेबननमध्ये संत्र्याच्या फुलांचे पाणी. बाकूमध्ये तर वरच्या थराला अंड्यातील पिवळा बलक आणि केशर लावून मग भाजतात. इतक्या ठिकाणी इतक्या चवी बदलल्या, पण आतले सारण कुठेही ओले झाले नाही.

यावर शुद्धतेचा आग्रह धरणारे एक रास्त आक्षेप घेतात. युरोपीय संघाने २०१३ साली ‘अंतेप बकलावा’ (अंतेप म्हणजेच गाझियांतेप) या नावाला भौगोलिक संरक्षण दिले, आणि तुर्कस्तानच्या एखाद्या पदार्थाला तिथे असे संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. मग त्यात ढवळाढवळ का करावी? आक्षेपामागची भावना आदराची आहे, पण संरक्षण नेमके कशाला आहे हे पाहायला हवे. ते त्या प्रदेशात, तिथल्या पिस्त्यांनी, तिथल्या रीतीने होणाऱ्या बकलाव्याच्या नावाला आहे. वेंगुर्ला काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम यांनाही आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे. म्हणून दुसऱ्या कुणी काजूची किंवा कोकमाची कृती बदलू नये असा त्याचा अर्थ कोणी लावत नाही. दुसऱ्याचे नाव आपल्या ताटाला चिकटवू नये, एवढी सचोटी पुरे. अंतेपकडून शिकायचे ते तिथले तंत्र, आणि ते शिकताना मात्र कसलीही सूट घेऊ नये.

ते तंत्र थरांपासून सुरू होते. गाझियांतेपचे उस्ताद कणकेचा गोळा स्टार्चवर लाटत नेतात, इतका पातळ की पलीकडचे दिसावे, आणि असे चाळीसेक थर एका ताटात बसवतात. तुर्की घरांत सोपी रीत आहे: पुरीएवढ्या लाट्या लाटायच्या, दोन लाट्यांच्या मध्ये कोरडा स्टार्च भुरभुरायचा, आठ-दहा एकावर एक ठेवायच्या आणि सगळी चळत एकत्र लाटायची. चिरोटे करणाऱ्या हातांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. आपण पोळ्यांमध्ये तांदळाच्या पिठाचा किंवा कॉर्नफ्लोअरचा साटा लावतो तो याच कामासाठी, थर थराला चिकटू नये म्हणून. फरक इतकाच की साट्यात पीठ आणि तूप एकत्र फेसलेले असते, तर तुर्की रीतीत स्टार्च लाटताना आणि तूप ताटात थर लावल्यावर येते. दोन्हीकडे शत्रू एकच आहे. कणकेतल्या पाण्याने शेजारचा थर धरला की ग्लुटेन एकमेकांत मिसळते आणि दोन पापुद्र्यांची एक जाड पोळी होते. गोठवलेले फिलो वापरणाऱ्यांनाही याच कारणाने जपावे लागते. पाकीट फ्रीझरमधून काढून थेट ओट्यावर ठेवले की थंड पापुद्र्यांवर हवेतले बाष्प जमते आणि ते कडांना चिकटतात. म्हणून ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पाकीट न उघडता, सावकाश मोकळे होऊ द्यावे.

तुपाचा प्रश्नही शेवटी पाण्याकडेच येतो. बाजारच्या लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असते आणि थोडा दुधाचा घन अंश असतो. पाणी थरांत मुरते, घन अंश ओव्हनमध्ये लवकर करपतो. कढवल्यावर दोन्ही जातात. अंतेपमध्ये यासाठी मेंढी-बकरीच्या दुधाचे कढवलेले तूप पसंत केले जाते आणि त्याचा वास बकलाव्याच्या ओळखीचा अर्धा भाग आहे. आपल्या घरातले साजूक तूप या बाबतीत तोडीचे आहे, किंबहुना मराठी स्वयंपाकघराला बकलाव्यासाठी सर्वांत मोठी अनुकूलता तीच आहे. फक्त बेरी राहिलेले तूप गाळून घ्यावे. तूप लावलेले थर १६० ते १७० अंश सेल्सिअसला तास-पाऊणतास ठेवले की आतले पाणी वाफ होऊन निघते, जाताना पापुद्रे उचलते, आणि तूप त्यांना पुन्हा बसू देत नाही. जास्त आचेवर वरचा थर लवकर लाल होतो आणि खालचे कच्चे राहतात, म्हणून घाई करू नये. कापण्याचे काम भाजण्याआधीच, सुरी तळाला टेकेपर्यंत, करायचे असते. त्या फटींतूनच वाफ बाहेर पडते आणि नंतर पाक आत उतरतो.

आता पाक. इथे बकलाव्याचे सगळे शास्त्र एकवटले आहे. इतक्या कष्टाने कोरडे केलेले थर आपण पुन्हा भिजवतो आणि तरी ते कुरकुरीत राहावेत अशी अपेक्षा ठेवतो. ही अपेक्षा पुरी होते ती साखरेच्या प्रमाणामुळे. वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेतले तर विरघळल्यावर त्यात सुमारे ६७ टक्के साखर असते, आणि खोलीच्या तापमानाला पाणी जवळपास तेवढीच साखर धरून ठेवू शकते. उकळून तो १०५ अंशांच्या आसपास नेला की साखर ७० टक्क्यांकडे जाते. अशा पाकातले पाणी साखरेच्या रेणूंनी घट्ट बांधून ठेवलेले असते. पिठाच्या पापुद्र्याला ते सहजी मिळत नाही. पापुद्र्यावर लागलेले तूपही आड येते. म्हणून पाक थरांच्या मधल्या पोकळ्यांत जाऊन बसतो, पण थर लगेच लगदा होत नाही. याची किंमत अशी की इतका दाट पाक गार झाल्यावर साखर पुन्हा खडे धरू पाहते. लिंबाचा रस घालतात तो त्यासाठी. आम्लाच्या सान्निध्यात उकळताना साखरेचा काही अंश ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि हे मिश्रण खडे होऊ देत नाही. लिंबू जास्त झाले किंवा आम्लासह पाक फार वेळ उकळला तर उलटा अपाय होतो, कारण फुटलेली साखर हवेतले बाष्प ओढते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत असा बकलावा दुसऱ्या दिवशीच चिकट होतो.

गरम ताटावर गार पाक, हा घरगुती नियम पुष्कळ ठिकाणी पाळला जातो, आणि काही घरांत उलटाही चालतो. यावर जाणकार विचारतील की अंतेपचे उस्ताद तर तापलेल्या ताटावर उकळता पाक ओततात, मग नियम कुठे राहिला? विरोध वरवरचा आहे. उकळत्या पाकाचा तापल्या तुपाशी संपर्क आला की ताटभर चरचर होते आणि पाकातले उरलेसुरले पाणी वाफ होऊन उडते. तो पाक ताटातच आणखी आटतो. ते जमण्यासाठी ताट आणि पाक दोन्ही पुरेसे तापलेले असावे लागतात, आणि ओव्हनमधून काढून ओट्यापर्यंत येईतो थंडावणाऱ्या घरच्या लहान ताटात ती खात्री नसते. म्हणून घरी एक गरम, एक गार हेच बरे. कोमट ताटावर कोमट पाक ही सर्वांत वाईट जोडी: पाक दाट असल्यामुळे वरच साचतो, वाफ होत नाही, आणि वरचे थर तासन्तास ओलाव्यात बसून राहतात.

हा हिशेब हाती आला की नव्या चवींची पारख करता येते. आंब्याचा रस सारणात घालावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यात आठ दशांश पाणीच असते. तो आटवूनही थरांना भिजवेल. तीच चव आंबापोळी बारीक कापून काजूत मिसळली तर मिळते आणि थर शाबूत राहतात. ओला नारळ अर्धा पाणी आहे, सुके खोबरे हलके भाजून घातले तर चालते. गुलकंद आचेवर पातळ होतो आणि कडेला वाहून करपतो, त्याऐवजी सुकवलेल्या गुलाबपाकळ्या सारणात आणि गुलाबपाणी पाकात घालावे. चॉकलेट आधुनिक काळात तुर्की दुकानांत रुळले ते उगाच नव्हे, चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतेच. सुगंध कुठे घालायचा हेही ज्याच्या त्याच्या गुणधर्मावर ठरते. वेलची, जायफळ, संत्र्याची साल यांचा वास तेलात विरघळतो, त्यांना कोमट तुपात किंवा सारणात जागा द्यावी. केशराचा रंग पाण्यात उतरतो, तो पाकाकडे जावा. गुलाबपाणी आणि संत्र्याच्या फुलांचे पाणी उडून जाणारे आहे, ते पाक आचेवरून उतरवल्यावरच घालतात आणि तेही चमच्याच्या मापाने.

या तर्काने मराठी घरात करण्याजोगा एक बकलावा मी सुचवेन, काजू, मिरी आणि कोकमाचा. कोकम निवडण्याचे कारण त्याच्या आंबटपणात आहे: लिंबू पाकात जे काम करते तेच कोकमातली आम्ले करू शकतात, शिवाय रंग आणि स्वतःची चव देतात. म्हणजे हा बदल मूळ रचनेला जादा भार होत नाही, तिच्यातली एक जागा भरून काढतो. तेहतीस बाय तेवीस सेंटिमीटरच्या ताटाला साधारण साडेचारशे ग्रॅम फिलो, साडेतीनशे ग्रॅम काजू, दोनशे ग्रॅम गाळलेले तूप लागते. काजूबद्दल एक सावधगिरी हवी. बदाम, पिस्ते, अक्रोड यांच्या मानाने काजूत स्टार्च जास्त असतो, आणि मिक्सरमध्ये जरा जास्त फिरला की तेल सुटून त्याची चिकट पूड होते. ती पाक पिऊन ताटाच्या मधोमध काजूकतलीचा थर तयार करते. म्हणून काजू आधी मंद आचेवर गुलाबी भाजावेत, पूर्ण गार करावेत आणि सुरीने किंवा थांबत थांबत फिरवून जाडसर ठेवावेत. त्यात पाऊण चमचा ताजी कुटलेली मिरी आणि थोडे जायफळ. साखर सारणात मुळीच नको. आठ-दहा आमसुले, मिठाची असतील तर पटकन धुऊन, ५० मिलीलीटरपेक्षा थोड्या जास्त गरम पाण्यात अर्धा तास भिजवावीत आणि पिळून गाळलेले पाणी बाजूला ठेवावे. स्टीलच्या भांड्यात ४०० ग्रॅम साखर आणि १५० मिलीलीटर पाणी उकळायला ठेवावे आणि कोकमाचे पाणी शेवटच्या तीन-चार मिनिटांतच घालावे. उशिरा घातल्याने साखर हवी तेवढीच फुटते आणि लालीही टिकते, कारण कोकमाचा रंग लांबलेल्या उकळीने फिका पडत जातो. आमसुलांचा आंबटपणा सारखा नसतो, तेव्हा चाखून कमीजास्त करावे. हा पाक आधीच करून गार होऊ द्यायचा, आणि ओव्हनमधून निघालेल्या ताटावर, कापलेल्या रेघांतून, सावकाश ओतायचा. मग निदान सहा तास ताट उघडे, फक्त जाळीखाली. खाताना आधी तूप, मग काजू, आणि गोडाचा भर जड होऊ लागतो तेवढ्यात कोकम व मिरी येते.

माझ्या प्रतिपादनावर सर्वांत भक्कम आक्षेप तुर्कस्तानातूनच येऊ शकतो. तिथे सुत्लु नुरिये नावाचा प्रकार आहे, त्यात पिस्त्यांऐवजी हेझलनट असतात आणि पाकात दूध असते. १९८० च्या लष्करी उठावानंतर बकलाव्याचे भाव बांधून दिले गेले तेव्हा स्वस्तात बसेल असा बकलावा म्हणून तो पुढे आला, असे त्या व्यवसायात सांगितले जाते. अलीकडे तिथे दुधात भिजवून वर कोको भुरभुरलेला थंड बकलावाही अफाट खपला. आणि खुद्द अंतेपच्या बकलाव्यात पिस्त्यांखाली दूध-रव्याची मऊ खीर घालतात. मग पाणी वर्ज्य कसे? यातले शेवटचे उदाहरण आधी घेऊ. ती खीर आटवून शिजवलेली असते आणि तिच्यातले पाणी रव्याच्या स्टार्चने धरलेले असते, जसे पाकातले पाणी साखरेने धरलेले असते. मोकळे पाणी आणि बांधलेले पाणी यांत फरक आहे, आणि माझा आग्रह मोकळ्या पाण्याविरुद्ध आहे. दुधात भिजलेल्या दोन प्रकारांची गोष्ट निराळी. त्यांनी कुरकुरीतपणा जाणून सोडला आहे. ते मऊ, चमच्याने खायचे, थंड ठेवायचे आणि एक-दोन दिवसांत संपवायचे पदार्थ आहेत. तेही चांगले लागतात. घरी रबडीचा बकलावा करायचा असेल तर तो या घराण्यातला समजून करावा, रबडी वाढताना घालावी, आणि साखरपाकाचा बकलावा खोलीच्या तापमानाला आठवडाभर टिकतो तसा हा टिकेल अशी आशा धरू नये. साखरपाकाचा बकलावा मात्र फ्रीजमध्ये ठेवणे चूक आहे, तूप गोठून थर मेणासारखे लागतात.

राहिला तो बदल जो मराठी घरांत सर्वांत आधी केला जातो: साखर कमी करणे. बकलावा फार गोड असतो ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा नेहमीचा उपाय नेमका उलटा पडतो. साखर आणि पाणी समसमान घेतले की पाकात निम्मे पाणी राहते. असा ४०० ग्रॅम पाक ताटात ओतला तर थरांत २०० ग्रॅम पाणी जाते. सत्तर टक्क्यांचा तेवढाच पाक ओतला तर १२० ग्रॅम. गोडी थोडी उतरते, पण तळचे थर पिठूळ लगदा होतात, आणि खाणारा म्हणतो की आपल्याला हे काही जमत नाही. पाक दाटच ठेवावा आणि तो कमी ओतावा. वर दिलेल्या ताटाला केलेल्या पाकाचा तीनचतुर्थांश भाग पुरतो. उरलेला बरणीत भरून सरबताला वापरता येतो. तुकडे लहान, दोन घासांचे कापावेत. आणि सारणात साखर घातलीच नसेल, मिरी ताजी असेल, कोकम जिभेला कळण्याइतके असेल, तर पाक आणखी कमी करण्याची गरज बहुतेकांना वाटत नाही.